कोपरापासून मनगटापर्यंत

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला
आमच्यात पूल म्हणतात.
हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं,
तेही आडून,
वाळत घातलेल्या चादरीमागून.

तो क्वा वानला, सातव्या मजल्याच्या वर, गच्चीत
सासऱ्यांची तालीम भरायची.
याप तिन-फुक. दिवसा गोदीत रिव्हेट ठोकायचे,
दिवेलागणीला वस्ताद.
एक उदबत्ती जळून संपेपर्यंत पोरं पवित्र्यात उभी,
गुडघे लटलटताहेत, आणि डोक्यावरून
विमान इतकं खाली यायचं
की बांबूवरची माझी धुणी फडफडायची.
कुणी एकाने जरी वर बघितलं
तरी सगळ्यांना नवी उदबत्ती.

लेकीसुनांना शिकवायचं नाही, हा नियम.
भांडून उपयोग नव्हता. मी भांडलेही नाही.
माझ्याकडे बरणी होती :
तांदळाच्या दारूत मुरलेली मुळं, साली, कसल्याशा बिया,
तीन वर्षं झाकण उघडायचं नाही.
रात्री तो काळा अर्क मी पोरांच्या सुजलेल्या हातांना चोळायचे.
पंधरा-वीस पूल. माझ्या अंगठ्यांना सगळे पाठ.
कोण भीतीने आखडतो, कोण रागाने,
आणि लोक वाई-केउंगचा उजवा हात
कसा नेहमी आधीच जाऊन पोचलेला असतो
जिथे अजून कुणी बोलावलेलं नाही.

मग सासऱ्यांचं उजवं अंग गेलं.
वाचाही गेली.
पोरं पांगली, कुणी टॅक्सीवर, कुणी पोलिसात,
लोक तर थेट व्हँकुव्हरला.
गच्चीवर धुणी उरली.

पेज भरवताना त्यांचा डावा हात मी बाजूला सारायचे,
तर तो सरायचा नाही.
अडवायचाही नाही.
शिताला शीत लागावं तसा लागून राहायचा,
चमचा वर, तर वर,
मी थांबले की थांबलेला.
आणि मी कंटाळले,
नुसती मनातल्या मनात कंटाळले,
तरी चमचा ओठांपाशी यायच्या आत
पेज माझ्या मांडीवर.

चार महिने मला वाटलं, म्हातारा छळतोय.
मी चिडून रडलेसुद्धा, मोरीत, नळ सोडून.
पाचव्या महिन्यात कधीतरी
वाटी रिकामी झाली आणि माझी मांडी कोरडी.
ते हसले. अर्ध्याच तोंडाने हसता येत होतं.
दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेज आणखी सांडवली.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं म्हणतात.
तो मागायला लोक आला, एकोणीस वर्षांनी,
पोट सुटलेलं, हातात व्हिडिओ कॅमेरा.
गुडघे टेकून चहा दिला. म्हणाला, सीफू, शेवटचं राहिलंय.
सासऱ्यांनी डावा पूल उचलला.
लोकने आपला टेकवला, दाबला,
आणि ज्याला दाबत होता ते तिथे नव्हतंच.
तो टेबलावर गेला, चहा कॅमेऱ्यावर.
पुन्हा, म्हणाला.
पुन्हा तसंच.

मग म्हाताऱ्याची नजर स्वयंपाकघराकडे वळली.
मी मासा साफ करत होते.
ॲप्रनला हात पुसले, तरी मनगटावर दोन-चार खवले राहिलेच,
आणि गेले, आणि माझा पूल लोकपुढे धरला.

लोकचा हात तोच होता. आधीच पोचलेला.
अंगठ्यांना तो पाठ होता,
आता फक्त कातडीलाही आठवला.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही.
टेबल लोकनेच सरळ केलं.
चहा पुन्हा ओतला, या वेळी कप दोन,
दुसरा माझ्यासमोर, दोन्ही हातांनी, मान खाली घालून.

माझा बराच वेळ तसाच निवत राहिला.
सासऱ्यांना आधी पाजायचा होता
आणि ते डावा हात
खाली घ्यायला तयार नव्हते.