फुंकर

महालात, झेंडा चौकामागच्या बोळीत
ढोबळेचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं.
तासाला पाच रुपये, अर्ध्या तासाला तीन.
आत चार टीव्ही, दहा-बारा पोट्टे, घामाचा वास
आणि दारात मी,
कमरेवर दळणाचा डबा.

पोरींसाठी नाही, असं ढोबळे कधी म्हणाला नाही.
म्हणायची गरजच पडली नाही.
मी उंबऱ्यावरून बघायची
काळ्या पडद्यावरचा तो बुटका रणगाडा
विटा फोडत, वळत, अडकत, फुटत,
आणि माझा अंगठा डब्याच्या कडीवर
आपोआप दाबला जायचा.
पलीकडून चक्कीवाला ओरडायचा,
काऊन वो पोरी, पीठ नेत नाही का?

आता मी त्रेचाळीस.
महालेखाकार कार्यालय, सिव्हिल लाइन्स.
इतरांच्या खर्चावर आक्षेप काढते.
ढोबळेच्या जागी आधी रिचार्ज आलं, मग मोमो.

गेल्या वैशाखात शनिवारी बाजारात
पंख्यांची पाती, मिक्सरची भांडी, कुणाचे तरी रिमोट
यांच्या ढिगात तो दिसला.
पिवळा पडलेला, एक बटण गायब,
सोबत एक कॅसेट. वर छापलेलं,
नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
(आत सातच असतात, तेच ते, फिरून फिरून.
लेखापरीक्षकाला हे कळायला
तेहतीस वर्षं लागली.)

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव केला नाही.

मग रात्री. डोळ्याला भिंग, हातात सोल्डरची कांडी,
बाहेर सेहेचाळीस उतरून चाळीसवर आलेले,
कूलर बंद, कारण वाऱ्यानं टाका नीट बसत नाही.
नवरा दारात येऊन उभा राहिला,
बरोबर उंबऱ्यावर.
हे कशाला आता?
मी म्हटलं, चिमटा दे.
त्यानं दिला.
आणि गेला नाही.

सोमवारी टेंभुर्णे साहेबांनी बोटावरचा फोड पाहिला.
पोळ्या करताना?
नाही साहेब, कपॅसिटर बदलताना.
ते काहीच बोलले नाहीत.
आठ महिन्यांवर रिटायरमेंट, तसेही कमीच बोलतात.
मंगळवारी डब्याच्या सुट्टीत
त्यांनी माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली,
लाल फीत, वर आवक क्रमांक.
आत काडेपेट्यांची चित्रं.
सहाशे बारा.
मोर, जहाज, कुलूप, कंदील,
प्रत्येकाखाली तारीख, गाव, पानठेला,
आणि एक दोन डोक्यांचा वाघ.
छपाई चुकली होती, म्हणाले,
म्हणून तर हा सगळ्यात मोलाचा.
मंडळीलेही माहीत नाही मॅडम,
तिले वाटते जुने पेन्शनचे कागद हायेत.

मी सहाशे बाराही चित्रं पाहिली.
एकावरही आक्षेप काढला नाही.

रविवारी तर्री पोहे बांधून घेऊन ते घरी आले,
इस्त्रीचा शर्ट, पायात चपला,
एखाद्या सुनावणीला आल्यासारखे
सोफ्याच्या कडेवर बसले.
रिमोट उलटा धरला. मी सरळ करून दिला.
बटण दाबलं तर पडद्यावर नुसते पट्टे.

कॅसेट काढून फुंकर मारण्यानं काही होत नाही.
उलट तोंडाच्या ओलाव्यानं
आतले पितळी दात गंजतात.
हे मी वाचलंय, तपासलंय,
त्यासाठी कापूस आणि स्पिरिट टेबलावरच होतं.

तरी मी कॅसेट ओठांशी नेली
आणि ढोबळेच्या दुकानातले पोट्टे मारायचे तशी
गाल फुगवून, डावीकडून उजवीकडे,
एक लांब फुंकर मारली.

पडदा काळा झाला. मग विटा आल्या.
साहेब पुढे सरकले.
यातला माझा कोणता?
हिरवा, मी म्हटलं.
चला, हाला आता,
मागून येऊन राहिले ते.