चालू रीडिंग

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे,
जुन्या शुक्रवारीत कुणाच्या तरी जिन्याखाली वाकून
मी आकडे टिपते.
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मधली वजाबाकी.
अकरा वर्षं माझं वाचन एवढंच.

बोकाडे मास्तरांनी माठातलं पाणी दिलं
आणि पाण्यामागून हे पुस्तक.
"तुम्ही रीडिंगवाल्या ना, मग वाचून पाहा.
मले तर काही समजलं नाही बाप्पा,
पण फेकवतही नाही."

कादंबरी सुरू होते सातव्या प्रकरणापासून.
चाळिसाव्या पानावर बाई मरते,
त्रेपन्नाव्यावर अंबाडीची भाजी निवडत बसलेली असते
आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही.
माणसाचं नाव आधी दिगंबर, मग नुसतं दि.,
मग एक रिकामी जागा,
दोन्ही बाजूंना स्वल्पविराम.
एक अख्खं पान फक्त "आणि".
मी मोजले. दोनशे अकरा.
सवय.

रात्री कूलरसमोर बसते.
वाळ्याचा ओला वास, पानं फडफडतात,
कधी दोन-दोन उलटतात एकदम,
आणि खरं सांगते, फरक पडत नाही.
नवरा म्हणतो, "मग काऊन वाचून राहिली?
पेपर आहे का तुझा?"
पेपर नाही. राग आहे.
भांडण अर्ध्यावर टाकून झोपणं
मला माहेरी कुणी शिकवलं नाही.

आमच्या कामात आकडा मागे जात नाही.
गेलाच तर मीटर खराब,
नाहीतर कुणीतरी हात घातलेला.
ह्या पुस्तकात कुणीतरी हात घातलाय.
मी सील शोधते, तुटलेली तार,
पुठ्ठ्याच्या आतून बोट फिरवून पाहते.
शिवण शाबूत.

एकशे सव्विसाव्या पानावर मात्र चारच ओळी:
दि. जिन्याखाली वाकतो, काडी ओढतो,
भिंतीवर काहीतरी वाचतो.
काय, ते लिहिलेलं नाही.
काडी बोटापर्यंत येते.
मी दिवा घालवला
आणि कितीतरी वेळ अंगठा चोळत बसले.

जूनमध्ये मास्तरांच्या दाराला कुलूप.
जुलैतही.
शेजारीण सांगते, मुलीकडे गेले, चंद्रपूरला.
समोरची सांगते, कुठलं चंद्रपूर, मेडिकलमध्ये आहेत,
वॉर्ड नंबरसुद्धा सांगते.
पानठेल्यावरचा पोरगा म्हणतो, काल तर दिसले ना,
दह्याचं भांडं घेऊन चालले होते.
पूर्वी ह्यातल्या दोघांना खोटं ठरवून
मी पुढच्या घरी गेले असते.
आता तिन्ही तशीच घेऊन उभी आहे उन्हात,
पिशवीत पुस्तक,
एकशे सव्वीसमध्ये विजेच्या बिलाची खूण.

मशीनमध्ये कारण टाकलं: दार बंद.
म्हणजे बिल सरासरीने जाईल,
पुढच्या महिन्यात पुन्हा फेरी.

वळताना जाळीतून मीटर दिसलं, अर्धंच,
आकडे आडोशाला.
चकती तेवढी दिसत होती, काळी खूण असलेली,
फिरत होती. हळू.
फ्रिज असेल. पंखा राहिला असेल चालू.
मी तिथे थांबले जरा.
फेरे मोजले नाहीत.