नखभर

कुल्डिगाच्या शाळेवरचा घुमट साखळीने फिरवावा लागतो,
आणि फेब्रुवारीत ती साखळी बोटांना चिकटते.
आर्विड्स म्हणाले, तरी हातमोजे काढ.
स्क्रूची भाषा कातडीला कळते, लोकरीला नाही.

साडेतीन मीटर नळी.
भिंगाच्या टोकाला, शिडीवर, ते.
डोळा लावायच्या टोकाला मी.
पन्नास वर्षं चष्मे घासलेल्या या माणसाच्या
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
रिगाच्या इस्पितळाने तारीख दिलीय एप्रिलची.
तोवर डोळे माझे, बोटं त्यांची.

मी टॉर्च धरला.
भिंगाच्या चारही पृष्ठांवरून उजेड परत आला:
चार फिकट बिंबं, विखुरलेली,
थांब्यावर बसची वाट पाहणारी माणसं
एकमेकांकडे बघत नाहीत तशी.
"एक पार कडेला गेलंय."
"कुठल्या कडेला?"
"डावीकडे."
"तुझ्या, की माझ्या?"
यावर आम्ही दोघंही गप्प.

तीन जोड्या स्क्रू. एक ढकलतो, एक ओढतो.
एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही,
नाहीतर काच कुरकुरते,
आणि काचेची कुरकुर एकदाच ऐकू येते.
सैल. आवळ. नखभर.
बिंबं सरकली, नको तिकडे.
पुन्हा.
देवळाच्या घंटेने नऊ ठोके दिले
तेव्हा चाराची दोन झाली होती, मग एक.

मग ध्रुव, कारण तो पळत नाही.
फोकस मुद्दाम बिघडवला: तारा फुगला,
आत कडीच कडी, कांद्याची चकती,
पण एका अंगाला दाटलेली.
हे शब्दांत सांगता येईना. कागदावर काढलं,
तर कागद त्यांना दुधासारखा पांढरा.

शेवटी मी त्यांचा तळहात उलगडला
आणि बोटाने त्यावर काढली ती कडी,
अंगठ्याच्या बाजूला गच्च.
त्यांनी मूठ मिटली, तशीच घेऊन शिडी चढले,
वर जाऊनच उघडली.

अर्ध्या तासाने ध्रुवाच्या अंगाशी
एक बारका ठिपका उगवला.
"अहो, इथे आणखी एक आहे!"
"असतोच तो," ते वरून म्हणाले.

खाली उतरून त्यांनीही डोळा लावला, बराच वेळ.
"दिसला?"
"छे," अगदी खुशीत. "कडी गोल आहेत ना पण?"

मी पुन्हा हात मागितला.
गोल काढला, सगळीकडून सारखा,
आणि बाजूला नखाने एक टिंब.

मग भिंगाचं झाकण कुठे ठेवलंय
ते आम्ही कितीतरी वेळ शोधत राहिलो.