कडता

नंदुरबारच्या मिरची-बाजारात
सव्वीस वर्षं मी मापारी होतो.
तिखट असं मुरलंय अंगात, की अजूनही
लग्नाच्या पंगतीत शिंकलो
तर बायको म्हणते, आला तुमचा बाजार.

सांगायचं ते नवनीतशेठचं.
रिकामं पोतं भरतं नऊशे ग्रॅम.
शेठ कापायचा दोन किलो. त्याला म्हणायचे कडता.
मी म्हणालो, शेठ, वरची अकराशे ग्रॅम कुणाची?
तो म्हणाला, रीत आहे.
मी पोतं झटकून पारड्यात टाकलं, त्याच्या चष्म्यासमोर.
तो म्हणाला, हे कोरडं आहे.
मी ओलं करून टाकलं. दीड किलो.
मग म्हणाला, नथ्थू, तू फार बोलतोस.

असं अकरा वर्षं.
मुनिमाला पटलं, तो मान खाली घालून लिहीत राहिला.
चहावाल्या पोराला तर
नऊशे-अकराशे पाढ्यासारखं पाठ.
हमाल मात्र हसायचे,
शेठले पटाडी दखाड, मंग खरं!
आणि हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.
रात्री गच्चीवर पडून
माझंच म्हणणं उलटंपालटं करायचो,
कुठे उसवलंय का, कुठून गळतंय का.

मग एका मंगळवारी शेठ म्हणाला,
आजपासून नऊशेच काप.
मी गार. विचारलं, पटलं का शेठ?
पटायचं काय त्यात, तो म्हणाला,
गाड्या दोंडाईच्याकडे वळायला लागल्या.

आता तुम्हीच सांगा,
सोमवारी माझं म्हणणं हलकं होतं
आणि मंगळवारी जड झालं?
पोतं तर तेच होतं.

उलटंही घडलंय. सांगायची लाज वाटते.
विहिरीच्या पाळीवरून मी धाकट्या सुपडूला
एकदा असं पटवलं, असं पटवलं,
की तो डोळे पुसत म्हणाला, भाऊ, तुझंच खरं.
मध्ये मी आईचं नाव काढलं होतं.
पाळी त्याची होती.
तीन आठवड्यांनी माझं मलाच उमगलं, सांगायला गेलो,
तर ऐकेचना.
म्हणे, एकदा पटलं ते पटलं.

तर मग समोरच्याला विचारूच नये?
तसंही म्हणवत नाही.
कोपर्लीची झेलाबाई पाच पोती घेऊन आलेली,
भर बाजारात माझ्यावर कडाडली,
भाऊ, तुना काटा खोटा शे!
मी वजनं दाखवली, त्यांवरचा सरकारी शिक्का दाखवला,
आवाजही चढवला थोडा.
ती म्हणाली, शिक्का खरा व्हई,
पन वारा लागी ऱ्हायना ना त्याले.
पाहिलं तर शेडचा एक पत्रा उडालेला
आणि पारडं खरंच तरंगत होतं.
त्या दिवसापासून ताडपत्री बांधून मापायला लागलो.
झेलाबाई पुढच्या हंगामात
तरीही दुसऱ्या मापाऱ्याकडे गेली,
माझ्याकडे न बघता.

परवा दवाखान्याच्या बाकावर शेठ भेटला.
थकलाय. हात थरथरतो.
शेजारच्या कुणा पोराला सांगत होता,
कडता मीच बंद केला या बाजारात.
अन्याय होता तो.
रिकामं पोतं नऊशे ग्रॅम,
मग वरची अकराशे कुणाची?

शब्द माझे. सूरसुद्धा माझाच.
हे त्याला कधी पटलं,
गाड्या वळायच्या आधी, की नंतर,
की आत्ता, या बाकावर, बोलता बोलता,
हे मापायला माझ्याकडे काही नाही.
भांडावं असंही वाटलं नाही.
सरकून बसलो आणि म्हणालो,
पण शेठ, ओलं पोतं दीड किलो भरतं.
तेवढं तुमचं बरोबर होतं.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
हो का, म्हणाला,
मी असं म्हणालो होतो?