ब्रेक इल्ल

सहाशेला घेतलं मी हे, मोडीच्या भावानं,
खानापुरात, स्टँडमागच्या माझ्या गाळ्यात.
लुमाण्णा बिर्ज्यानं पोत्यात घालून आणलं,
नारिंगी अंगाचं, भारी कंपनीच्या रंगाचं,
नाव तेवढं एका अक्षरानं चुकवलेलं.
"मोबाईलवर मागवलो होतो," म्हणाला,
"काजूच्या चारच फांद्या कापल्या बघ,
पाचवीला मेलं."

उघडलं.
पेट्रोलची नळी वाळून शेवग्याच्या शेंगेगत.
कार्बोरेटरच्या पडद्याला सुरकुत्या.
तेल ओढणारा गिअर प्लास्टिकचा,
जत्रेतल्या मोटारीला असतो तसला,
दात झिजून बोळका.
सायलेन्सरचा एक नट नव्हताच,
लुमाण्णाच्या काजूत पडला असेल पाचोळ्याखाली.

नळी स्कूटरची घातली.
गिअर उद्यमबागेत कातून आणला, पितळेचा.
अप्पूगोळ मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत,
"ह्या डब्याला पितळ घालतोस होय रे?"
एवढंच विचारलं.
काय सांगू. पितळच बसत होतं.

चेनला छत्तीस दात.
आधी सगळे डावे घासायचे, मग सगळे उजवे,
कानस पुढंच ढकलायची, मागं ओढायची नाही.
अठरा झाले की पाठ बोलायला लागते.

तिसऱ्या सकाळी
दोरी ओढली, खोकलं. परत ओढली, निळा धूर.
मग एकदम गाळाभर ओरडलं.
समोरच्या टपरीतली कमळव्वा कानांत बोटं घालून
कन्नडमधून शिव्या देत सुटली,
मला त्या दिवशी गोड लागल्या.

राहिला ब्रेक.
पट्टी तुटलेली, ती मिळाली असती.
पण ती अडकते तो कानच मोडलेला,
आणि धातू असला, की वेल्डिंगची काडी नुसती दाखवली
तरी मेणासारखा पाघळतो.
तीनदा केलं. तीनदा पाघळला.

माझे वस्ताद नारू गावडे, आधी सॉ मिलला होते.
डाव्या हाताला तीन बोटं.
पगार वाटताना त्या तीन बोटांवरच मोजायचे,
अंगठ्यापासून सुरू, तिनाला थांबून परत अंगठा.
हिशेब कधी चुकला नाही त्यांचा.
आम्हीच बघायचो नाही तिकडं.

रात्री पोरीची नेलपॉलिश घेतली, लाल,
पुढच्या दांडीवर लिहिलं: ब्रेक नाही.
मग वाटलं, आमच्याकडं गिऱ्हाईक कुठल्या बाजूचं येईल
सांगता येत नाही.
पोरीला हाक मारली. ती कन्नड शाळेत जाते.
तिनं खाली लिहिलं, माझ्याहून गोल, माझ्याहून देखणं:
ब्रेक इल्ल.
आणि उरलेली बाटली दाखवून भांडली माझ्याशी.

बसलिंग आला, नदीपलीकडच्या मळ्यातला.
त्याच्या गोठ्यावर फणस आडवा पडलेला.
खालची ओळ वाचली, वरची नाही.
"चालतंय न्हवं?"
"चालतंय. थांबत नाही."
"मग इन्नूर कडिमी माड्री."
दोनशे कमी केले.
दोन हजार मोजून घेतले. त्यातनं सहाशे वजा,
नळी, प्लग, उद्यमबागेची बस वजा.
तीन दिवस कशातच धरले नाहीत.
उभं कसं राहायचं दाखवलं,
अंगठा दांडीखालनं घ्यायचा,
टोकानं कापायचं नाही, कधीच नाही.
त्यानं मान हलवली.
मान सगळेच हलवतात.

आता दुपारी मलप्रभेपलीकडनं आवाज येतो.
तेच आहे. नवा नट दुसऱ्या मापाचा बसवलाय मी,
त्याची खडखड एवढ्या लांबून ऐकू यायची नाही,
मला येते.

मधेच बंद पडतं.
माझ्या हातात कुणाच्या तरी फवारणी पंपाचं पोट, पाना तसाच.
पेट्रोल भरत असेल.
चेन ढिली झाली असेल, ओढून घेत असेल.
चहा आला असेल मळ्यात.
"एनाय्तु?" कमळव्वा विचारते.
काय नाही म्हणतो.
अंगठ्यापासून मोजायला लागतो,
तिनाला थांबून परत अंगठा.