तारीख नसलेली पर्वणी

सात वर्षांची होते.
शरणपुरातल्या घरात दुपारी झोपून उठले
तर कोणीच नाही.
स्टोव्हवर आधण खदखदत होतं,
आईच्या चपला उंबऱ्याशी, त्यातली एक उलटी,
बाबांचा चष्मा उघड्या पेपरावर.
लांब देवळालीकडं तोफांचा सराव,
धप्प, मग पुन्हा धप्प,
आणि मी ओळखलं: कर्णा वाजून गेला.
सगळे घेतले गेले. मी राहिले.
कालच मिशनच्या आवारातला पेरू चोरला होता,
एस्तेरमावशीला तोंडावर सांगितलं होतं, मी नाही.

मग मागच्या दारानं आई आली, अनवाणी,
ओल्या चादरीचं एक टोक दातांत धरून.
"आधण आटलं की गं सगळं!"
मी तिच्या पायांना जी मिठी मारली
ती सुटेना.
त्यानंतर कितीतरी वर्षं
जाग आली की मी आधी चपला मोजायची.

आता अडुसष्टची आहे. घर खरोखरच रिकामं.
आई-बाबा सेमेटरीत, पूर्वेच्या भिंतीकडं.
त्यांच्या पायथ्याशी शांतवन,
ज्याचे डोळे नोटांवरचे आकडे तपासण्यात गेले
आणि जो तरी रोज भोंग्याच्या आधी गेटवर हजर असे.
जरा बाजूला, दोन विटांएवढ्या जागेत,
सुवार्ता. वय तीन दिवस.
नाव दुसऱ्या संध्याकाळी ठेवलं, घाईघाईनं.

सिव्हिलला चौतीस वर्षं नर्स होते.
मेलेल्यांचे डोळे मी मिटलेत, जबडे बांधलेत,
मातीत शरीराचं काय होतं
ते मला कोणी शिकवू नये.
तरी पाळक त्या वचनावर आले
की मी पुढं सरकून बसते:
आधी ते, मग आपण.
क्रम ठरलेला आहे.
सगळीकडच्या रांगांत मागं ढकललेले,
ज्यांना एक अख्खा आठवडा मिळाला नाही, तेसुद्धा,
आधी.
मी पोचेन तेव्हा ती तिथं असेल.
तीन दिवसांची की त्रेचाळीस वर्षांची, ठाऊक नाही.
ओळख कोणी करून द्यावी लागेल का, हेही नाही.

गायधनी वहिनींच्या घरी कुंभाची तयारी
दोन वर्षं आधीच सुरू होते.
पाहुणे, गाद्या, घाटाकडचे रस्ते, पर्वणीच्या तिथी.
एकदा भाजी निवडता निवडता विचारलं त्यांनी,
"तुमची पर्वणी कधी असते हो?"
म्हटलं, आमच्या पर्वणीला तारीख नाही.
"मग तयारी कशी करता?"
मेथीची जुडी हातात तशीच राहिली.
म्हटलं, वहिनी, तुमच्यात सीमांतपूजन असतं ना,
नवरदेव आला कळलं की घरची माणसं
हातातलं टाकून वेशीकडं धावतात,
पळून जायला नाही,
त्याला सामोरं जायला.
तसंच काहीसं. फक्त वेस जरा उंचावर आहे.
त्या हसल्या. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या,
"लेक भेटेल तुम्हाला."
एवढं आमच्या मंडळीतही कोणी सरळ बोललं नव्हतं.

म्हणून मी लाइटबिल वेळेवर भरते.
गेल्या पावसाळ्यात पेरूचं रोप लावलं,
फळ धरायला तीन वर्षं, म्हणाला नर्सरीवाला.
म्हटलं, धरू दे. कोणीतरी चोरेल.
भीती एकच उरलीय, तीही हसण्यासारखी:
पापणी लवते न लवते तेवढ्यात सगळं होणार,
तर गॅस बंद करायला सवड मिळेल का?

वहिनींचा नातू दुपारी माझ्याकडं झोपतो.
तो झोपला की मी चपला उंबऱ्याशी सरळ लावून ठेवते,
दोन्ही, जवळ जवळ.
मी नसताना जाग आलीच त्याला
तर घाबरू नये.
वाटावं, मागच्या दारी असेल,
चादरी वाळत घालत.
येईलच.