गुडघ्याला सांगितलेलं नाही

हडर्सफील्ड, रविवार. रेडिएटर नुसताच कुरकुरतो.
जेवणाच्या टेबलावर मदेरा पसरलंय,
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर तुझा चष्मा.

"इथून पाटाच्या कडेकडेने," तू म्हणतोस, हेरंब,
"तेरा किलोमीटर. सपाट."
सपाट म्हणजे डावीकडे खोल दरी
आणि बोगद्यात विजेरी हवी, हे पुस्तकात बारीक अक्षरात.

उंचीच्या रेघा इतक्या दाट
की माझं बोटच धापा टाकतं.
गुडघ्याला अजून काही सांगितलेलं नाही.
त्याला वाटतंय, नवे बूट
जिन्यावरून खालीवर करण्यापुरतेच आहेत.

शेजारची डोरीन मांजर सांभाळेल.
मेमध्ये तिकिटं स्वस्त.
तू पेन्सिलीने मुक्काम आखतोस.
मी, तुझ्या नकळत,
प्रत्येक बसथांब्यावर एक बारीक टिंब ठेवते.